तंटामुक्त समितीचं अध्यक्षपद आलंय? मग आधी कागद नीट लिहायला शिका

ग्रामसभेने तंटामुक्त गाव समितीचं अध्यक्षपद गळ्यात घातलंय, आता भांडणं मिटवायची कशी, असं तुम्ही विचारलंय. अभिनंदन करू की सांत्वन, कळेना. मी नऊ वर्षं अशा समितीत होतो, पुढे तालुक्याच्या लोकअदालतीत पॅनेलवर बसलो. त्या अनुभवावर सांगतो.

तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा बक्षिसापायी गावागावांत चढाओढ लागली. आम्हीही धडाधड समझोते लिहिले. एक कागद अजून आठवतो: ‘उभयतांनी बांधावरून यापुढे सामंजस्याने वागावे.’ खाली सह्या, अंगठे, वर पेढे. पहिल्याच नांगरटीला बांध दीड हात सरकला. सामंजस्य म्हणजे किती फूट, हे आम्ही लिहिलंच नव्हतं!

तेव्हापासून बांधाचा तंटा आला की आधी हद्दकायम मोजणी, म्हणजे सरकारी मोजणी करून हद्द पक्की करणं. भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज कोण करणार, फी कोण किती भरणार, दगड कोण रोवणार, रानात पीक उभं असेल तर कधीपर्यंत थांबायचं, सगळं गटनंबरासकट लिहायचं. आणि तो कागद कपाटात ठेवायचा नाही. समितीच्या कागदाला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नसतं. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (दावा कोर्टात जाण्याआधीचं) प्रकरण म्हणून अर्ज द्या आणि लोकअदालतीत तडजोड नोंदवून घ्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तो निवाडा दिवाणी हुकूमनामा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. दावा आधीच कोर्टात असेल तर तडजोडीनंतर कोर्ट फीसुद्धा परत मिळते. मात्र दोघे राजी नसतील तर लोकअदालत निकाल लादत नाही, दावा जिथून आला तिथे परत जातो.

माझी जमीन तो कसतो, त्याची मी, असा जुना घोळ असेल तर २०२३ ची सलोखा योजना चालू आहे का ते बघा. ताबा किमान बारा वर्षांचा असला तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये. आमच्या वेळी हे असतं तर दोन भाऊबंदक्या टळल्या असत्या.

आता आमची मोठी चूक. एकाने दुसऱ्याची वहिवाटीची वाट अडवली. आम्ही म्हटलं, घरातलंच प्रकरण आहे, बसून मिटवू. बैठकांवर बैठका झाल्या, चहा झाला, दिवाळी झाली. मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मुदत गेली आणि तो बिचारा आमच्यामुळेच अडकला. म्हणून रस्त्याची तक्रार आली की अर्जदाराला आधी तहसीलला पाठवा. दावा दाखल झाल्यावरही समझोता होतोच की.

दंड ठोकणं, वाळीत टाकणं, लग्नकार्याला बोलावू नका म्हणणं, असलं काही समितीच्या तोंडून निघता कामा नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा थेट गुन्हा दाखल करायला लावतो. लहान मुलांवरच्या अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर बैठक वगैरे नाही, सरळ पोलीस ठाणं. कळवणं कायद्याने बंधनकारकच आहे.

वाटणीच्या बैठकीत बहिणींना भावांसमोर विचारू नका. आमच्याकडे एकीने ‘माझं काही म्हणणं नाही’ असं चार वेळा सांगितलं. समितीतल्या बाईंनी तिला शाळेच्या व्हरांड्यात नेऊन विचारलं, तेव्हा ती रडत म्हणाली, हक्कसोडीवर (आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर) सही केली नाही तर माहेर तुटेल असं सांगितलंय. तो समझोता आम्ही त्या दिवशी लिहिलाच नाही.

आणि बैठक ग्रामपंचायतीत किंवा शाळेत घ्या. सरपंचाच्या ओसरीवर नको, तिथे विरोधी गटाचा माणूस निम्मं बोलतच नाही.

नोंदवहीत ‘तंटा मिटला’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा: ‘सहा महिन्यांनी जाऊन पाहिलं’. तारीख आणि पाहणाऱ्याची सही. आम्ही तो पाचव्या वर्षी आखला. त्या वर्षी मिटलेल्या तंट्यांचा आकडा घसरला, पण तीच भांडणं परत यायची थांबली.