ओव्हनमध्ये भाजलेली रताळी गोड का होत नाहीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ओव्हन २२० अंशांवर तापवून घेता, रताळी फॉइलमध्ये गुंडाळून आत ठेवता, पाऊण तासाने काढता. साल ओलसर निघते, गर मऊ असतो पण फिका, आणि एखाद्या रताळ्याचा गाभा टणकच राहतो. म्हणून तापमान आणखी वाढवावं का, असं विचारलंय.

वाढवू नका, उलट सुरुवातीला कमी ठेवा. वेळ वाढवा, फॉइल काढून टाका. आणि कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवत असाल (टणक गाभ्यावरून मला तसा दाट संशय आहे) तर आजपासून बाहेर ठेवा. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. खाली दिलेले सगळे अंश सेल्सिअसमधले आहेत.

कच्च्या रताळ्यात साखर असते, पण बेताचीच. भाजल्यावर जो गोडवा जाणवतो त्यातला मोठा वाटा माल्टोज या साखरेचा, आणि कच्च्या रताळ्यात माल्टोज जवळजवळ नसतंच. ते शिजताना तयार होतं. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. ते स्टार्च तोडून माल्टोज बनवतं. मात्र कच्च्या स्टार्चचे कण इतके घट्ट असतात की त्यांच्यापुढे या एन्झाइमचं फारसं चालत नाही. गर साधारण ६० अंशांच्या पुढे गेला की कण पाणी पिऊन फुगतात, सैल पडतात, आणि मग एन्झाइमला रान मोकळं मिळतं. पण ८० च्या आसपास पोचलं की उष्णतेने एन्झाइमच निकामी होतं. गोडवा जो काय तयार व्हायचा तो या ६० ते ८० च्या पट्ट्यात. गर तिथून जितका रमतगमत जाईल तितकं रताळं गोड होतं.

मायक्रोवेव्हमध्ये झटपट शिजवलेलं रताळं मऊ होऊनही मिळमिळीत लागतं ते यामुळेच. तो पट्टा काही मिनिटांत ओलांडला जातो आणि बराचसा स्टार्च स्टार्चच राहतो. आधीच २२० वर तापलेल्या ओव्हनमध्ये तितकी वाईट गत होत नाही, कारण जाड रताळ्याच्या मधल्या भागापर्यंत उष्णता हळूहळूच पोचते. पण बाहेरचा थर आणि बारकी, निमुळती रताळी मात्र घाईत शिजतात.

म्हणून मी ओव्हन आधी तापवतच नाही. रताळी खसखसून धुऊन, पुसून, कोरडी करते. काट्याने किंवा सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचते. न टोचलेलं रताळं दर वेळी फुटतं असं नाही, क्वचितच फुटतं. पण ज्या दिवशी फुटतं त्या दिवशी ओव्हनचं छत खरवडत बसावं लागतं, तेव्हा टोचलेलं बरं. ट्रेवर बेकिंग पेपर घालून रताळी एकमेकांना न चिकटता मांडायची, ट्रे थंड ओव्हनमध्ये सरकवायचा आणि तापमान १५० ला लावायचं. मध्यम आकाराच्या, म्हणजे दोन-अडीचशे ग्रॅमच्या रताळ्यांना या तापमानावर पाऊण तास द्यायचा. मग न उघडता २०० वर न्यायचं आणि आणखी अर्धा ते पाऊण तास ठेवायचं. पंख्याचा ओव्हन असेल तर दोन्ही आकडे २० ने कमी करा.

दुसरा टप्पा टाळून नुसतं १५० वरच दोन-अडीच तास ठेवलं तरी रताळं गोड होतं. पण मग खरपूसपणा येत नाही. साखर नुसती तयार होऊन भागत नाही, ती सालीजवळ थोडी तांबूस व्हावी लागते, थोडी आटावी लागते. भाजल्याचा वास आणि किंचित कडवटपणा तिथून येतो, आणि त्याशिवाय रताळं नुसतं गोडमिट्ट लागतं.

झालं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका. सुरी आरपार गेली की झालं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्या मते ते अर्धसत्य आहे. सुरी जायला लागते तेव्हा रताळं शिजलेलं असतं, भाजलेलं नसतं. त्यानंतर अजून पंधरावीस मिनिटं लागतात. ट्रेकडे बघा. आधी टोचलेल्या भोकांतून पातळ, रंगहीन थेंब येतात आणि सुकून जातात. मग थेंब दाट व्हायला लागतात, मधासारखे सालीवर लोंबतात आणि भोकाच्या तोंडाशी बारीक बुडबुडे फुटतात. खाली कागदावर पाकाचं डबकं साचतं, त्याची कड आधी तांबडी आणि मग काळी होते. याच सुमाराला साल गरापासून सुटते. फडक्याने धरून हलकेच दाबलं तर वरची साल सैल झालेली आणि आतला गर खाली बसलेला हाताला कळतो. हे दिसलं की ओव्हन बंद करा. पदार्थात खुपसायचा थर्मामीटर असेल तर गाभ्यात ९६ ते ९८ अंश दिसले पाहिजेत. बंद केलेल्या ओव्हनमध्ये रताळी अजून दहापंधरा मिनिटं तशीच राहू द्या. तेवढ्यात दोन रताळ्यांमधला उन्नीस-बीसचा फरकही मिटतो.

त्या पाकामुळेच कागद लागतो. उघड्या ट्रेवर तो जळून असा काही चिकटतो की बोलायची सोय नाही. आणि रताळी थेट जाळीवर ठेवणार असाल तर खाली रिकामा ट्रे हवाच, नाहीतर पाक ओव्हनच्या खालच्या तापणाऱ्या दांड्यावर ठिबकून धूर होतो.

आता फॉइल. ट्रेवर अंथरायला उत्तम, रताळ्याला गुंडाळायला नको. रताळ्यात पाणी बरंच असतं. गुंडाळल्यावर त्याची वाफ बाहेर पडत नाही, सालीभोवतीच कोंडते. मग रताळं भाजलं जात नाही, स्वतःच्या वाफेवर उकडलं जातं. तुमची साल ओली निघते आणि गर फिका लागतो, त्यात निम्मा दोष या फॉइलचा आहे. उघडं ठेवलं की पाणी आटतं आणि जी काही गोडी तयार झाली ती दाट होते. साल खाणार असाल तर आधी तेलाचा हात फिरवा, ती पातळ आणि जरा कुरकुरीत होते. खाणार नसाल तर तेल कशाला वाया घालवायचं!

छोट्या ओव्हनमध्ये एक अडचण असते. वरचा दांडा पदार्थाच्या इतका जवळ असतो की आत गर शिजायच्या आधी वरची साल करपते. त्यात ट्रे शक्य तितका खालच्या खाचेत लावा, आणि पहिल्या टप्प्यात नुसता खालचा दांडा सुरू ठेवता येत असेल तर तसं करा. शिवाय घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात वीसएक अंशांची तफावत सहज असते. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर एकदा घेऊन बघाच, रताळ्यांसाठी नाही तरी केकसाठी उपयोगी पडेल.

टणक गाभ्याची दोन कारणं संभवतात. पहिलं साधं आहे: आकार. भाजायला लागणारा वेळ वजनापेक्षा जाडीवर जास्त अवलंबून असतो. मनगटाएवढं जाड आणि दोन बोटांएवढं बारीक रताळं एका ट्रेत घातलं तर एक कच्चं आणि एक करपलेलं मिळणार. लांबी कमीजास्त चालेल, जाडी मात्र सारखी निवडा. जाडजूड असेल तर उभं चिरून दोन भाग करा.

दुसरं कारण फ्रिज. रताळं थंडी सोसत नाही. त्याला १३ ते १५ अंशांचं, अंधारं, हवेशीर ठिकाण मानवतं; बरेच दिवस १० च्या खाली राहिलं तर त्याच्या पेशींना इजा होते. वरून काही दिसत नाही, पण असं रताळं कितीही भाजलं तरी मधला भाग मऊ व्हायचं नाव घेत नाही. तापमान वाढवून हा गाभा शिजणार नाही, साल तेवढी जळेल. स्वयंपाकघरात १५ अंश कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. साध्या खोलीच्या तापमानाला, टोपलीत, उघडी, न धुता ठेवा आणि आठवडाभरात संपवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम येऊन बुरशी धरते.

बुरशीवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. कीड किंवा बुरशी लागली की रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतं. ती बाधक असतात आणि भाजल्याने पूर्णपणे जात नाहीत. डागाभोवतीचा भाग काढून बाकीचं खावं असा मोह होतो, पण भाजलेल्या रताळ्याचा पहिलाच घास कडू लागला तर ते सरळ टाकून द्या.

एवढं सगळं करूनही एखादं रताळं गोड होत नाही, तेव्हा हाताला दोष देऊ नका. जातीजातीत फरक असतो. नारिंगी गराची रताळी बहुतेक ओलसर, लुसलुशीत होतात आणि त्यांतून पाक जास्त गळतो. पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या गराची पुष्कळदा कोरडी, पिठूळ राहतात. त्यांना लोण्याची किंवा तुपाची सोबत लागते. जांभळी सहसा आणखी घट्ट असतात, त्यांना दहापंधरा मिनिटं जास्त द्या. काही जातींमध्ये मुळात ते एन्झाइमच नगण्य असतं, त्या कशाही भाजल्या तरी फारशा गोड होत नाहीत. शिवाय काढणीनंतर किती दिवस गेले यावरही अवलंबून असतं. नुकतंच जमिनीतून काढलेलं रताळं फिकं असतं. काढल्यावर ३० अंशांच्या आसपास, दमट हवेत चारपाच दिवस ठेवलं की सालीवरच्या जखमा भरून येतात, आणि नंतरच्या काही आठवड्यांच्या साठवणीत त्यातली साखर वाढत जाते. भाजीत ताजेपणा शोधणाऱ्यांना हे उलटं वाटेल, पण रताळं जरा जुनं झालेलंच चांगलं.

दीड तास नाहीच, असे दिवस असतातच. तेव्हा मी उभे दोन भाग करते, कापलेल्या बाजूला तेल आणि मीठ चोळते आणि ती बाजू खाली करून ट्रेवर ठेवते. २०० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटांत होतात. मधे उलटायची नाहीत, हलवायचीही नाहीत; ट्रेला टेकलेली बाजू आपोआप तांबूस आणि चिवट-गोड होते. गोडवा सावकाश भाजलेल्यापेक्षा थोडा कमी येतो, पण खरपूस पृष्ठभाग भरपूर मिळतो, त्यामुळे तक्रारीला जागा राहत नाही.

फोडी करायच्या असतील तर तो वेगळाच पदार्थ समजा. दोन-अडीच सेंटिमीटरच्या फोडी, तेल सगळीकडे लागेल इतपत, २२० अंश, पंचवीस ते पस्तीस मिनिटं, मधे एकदा परतणं. इथे ओव्हन आधी तापलेला हवा आणि फोडींमध्ये अंतर हवं. गर्दी झाली की पाणी सुटतं आणि लगदा होतो. बटाट्यासारख्या कुरकुरीत होतील ही आशा मात्र सोडा. रताळ्यात साखर जास्त, त्यामुळे आतलं पाणी आटायच्या आधीच बाहेरून करपायला लागतं. कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं आणि मीठ अगदी शेवटी घातलं तर थोडा फरक पडतो. चिरून ठेवायच्या असतील तर पाण्यात बुडवा, नाहीतर काळ्या पडतात.

घरात कुणाला मधुमेह असेल तर हा सगळा गोडवा दुधारी आहे. ओव्हनमध्ये भाजलेल्या रताळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचा आकडा) उकडलेल्यापेक्षा बराच जास्त असतो. त्यांच्यासाठी रताळं उकडा, आणि किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

उरलेली भाजलेली रताळी मात्र फ्रिजमध्ये खुशाल ठेवा. थंडीची भानगड फक्त कच्च्यांची. तीनचार दिवस छान राहतात. खाताना सालीसकट जाड चकत्या करून तापलेल्या तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी परता. आधीचा पाक पुन्हा वितळून कडेला जमतो, तो लगेच करपतो, तेव्हा तव्यापासून हलू नका.