नाशिकच्या फार्मसी कॉलेजात उंदराचे आयलेट (स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) वाढवता येतील का? किती दिवसांत दुप्पट होतात?

दुप्पट होत नाहीत. प्रौढ उंदराच्या बीटा पेशी, म्हणजे आयलेटमधल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, डिशमध्ये जवळजवळ विभागतच नाहीत. आपण आयलेट वाढवत नाही, जगवतो. तळाला चिकटून जे जोमाने पसरतं ते बहुतेक फायब्रोब्लास्ट (जोडऊतींच्या पेशी) असतं, त्याचे फोटो काढून गाइडला पाठवू नका. म्हणूनच डिश साधी घ्यायची, पेशी चिकटाव्यात म्हणून प्रक्रिया केलेली नको. एका उंदरातून १५० ते ३०० आयलेट निघतात, प्रयोगाची आखणी तेवढ्यावरच करा.

काढायची रीत माहीत असेलच: पित्तनलिका आतड्याला मिळते तिथे क्लॅम्प, ३० गेजच्या सुईने ३ मिली थंड कोलॅजिनेज (ऊती विरघळवून आयलेट सुटे करणारं एन्झाइम), फुगलेलं स्वादुपिंड काढून ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये. बॅच बिघडते ती इथे. कोलॅजिनेजचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो, त्यामुळे '१५ मिनिटं' असं घड्याळावर चालणारे हमखास फसतात. १ मिग्रॅ प्रति मिलीपासून सुरुवात करा आणि आठव्या मिनिटापासून दर मिनिटाला नळी हलवून उजेडात बघा. लोंबणारे तुकडे जाऊन बारीक रव्यासारखं दिसलं की त्याच क्षणी सीरम घातलेलं बर्फगार द्रावण ओता. कमी पचलं तर आयलेटला अ‍ॅसिनर पेशींची (स्वादुपिंडातल्या पाचक रस बनवणाऱ्या पेशींची) साल राहते, ते जड होऊन ग्रेडियंटमध्ये (घनतेनुसार वेगळं करणाऱ्या द्रावणात) तळाशी जातात. जास्त पचलं तर कडा फाटतात आणि सकाळी डिशमध्ये भुगा दिसतो.

एन्झाइम मुंबईहून मागवत असाल तर पार्सल सोमवारीच निघू द्या. शुक्रवारी निघालं की मे महिन्यात रविवारभर गोदामात शिजतं.

पुढे ग्रेडियंटसाठी हिस्टोपेक १०७७ हे द्रावण, ९०० जी (गुरुत्वाच्या ९०० पट), २० मिनिटं, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. मधल्या थरातून आयलेट घ्या, धुवा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पिपेटने एकेक वेचा, दोनदा. डायथिझोन या रंगाने ते लाल होतात, पण हा रंग फक्त नमुन्याला द्या, सगळ्या बॅचला नाही. १० सेंमीच्या डिशमध्ये १० मिली माध्यम आणि १५०-२०० आयलेट, त्याहून दाटी नको. मोठ्या आयलेटच्या गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, मधोमध काळा ठिपका दिसला की तो मेलेला भाग समजा.

आता ग्लुकोज. आरपीएमआय १६४० या पेशी जगवायच्या माध्यमात ते ११.१ मिलिमोलर असतं, म्हणजे २०० मिग्रॅ प्रति डेसिलिटर. आमचे एक वरिष्ठ सर म्हणायचे, "२०० म्हणजे मधुमेहच की! ५.५ करा." वर्षभर हा वाद चालला. शेवटी एकाच उंदराचे आयलेट दोन डिशमध्ये वाटले, सीरम, अँटिबायोटिक, इनक्युबेटर सगळं तेच. आठवड्याने ११.१ वाले गोल, गुळगुळीत, ५.५ वाले विस्कटलेले, आणि त्यांच्यातलं इन्सुलिनही कमी. रक्तातल्या साखरेची पट्टी डिशला लावायची नसते. उंदराच्या बीटा पेशीला जगायला आणि इन्सुलिन बनवत राहायला ग्लुकोजचा रेटा लागतो, तो १० मिलिमोलरच्या आसपास नीट मिळतो. सरांनी आकडे पाहिले आणि "सीरम बदला" म्हणाले. असो.

रात्रभर सावरू दिल्याशिवाय चाचणी करू नका. सारख्या आकाराचे दहा-दहा आयलेट, क्रेब्स द्रावणात (क्षारांच्या बफरमध्ये) २.८ मिलिमोलर ग्लुकोजवर तासभर, मग एक गट २.८ वर आणि दुसरा १६.७ वर, आणखी एक तास. १६.७ वर इन्सुलिनचा स्राव दुपटीनेही वाढत नसेल तर ती बॅच औषधाच्या प्रयोगाला वापरू नका, संख्या कितीही भरघोस असो.

तुमच्या कॉलेजात जमेल का? स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि बॅकअपवर चालणारा इनक्युबेटर असेल तर जमेल. प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी, उंदीर नंतर. आणि खरोखर दुप्पट होणारंच काही हवं असेल तर आयएनएस-१ पेशी (इन्सुलिन बनवणाऱ्या गाठीपासून तयार केलेल्या, डिशमध्ये विभागणाऱ्या) घ्या. त्याही सावकाश वाढतात, आणि माध्यमात ५० मायक्रोमोलर मर्काप्टोइथेनॉल विसरलात तर रुसतात.

हे सगळं उंदराचं. मानवी आयलेट सीएमआरएल माध्यमात ५.५ वरच ठेवतात, तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं.