पेटी, कीबोर्ड आणि शौलाचं स्मारक

प्रश्न : सलाम. मी बारा वर्षं मंडळीत पेटी वाजवतोय, गाणीही मीच निवडायचो. ईस्टरला कमिटीने मला न विचारता एका कॉलेजच्या पोराला कीबोर्डवर बसवलं. तेव्हापासून उपासनेत मन लागत नाही, आणि खरं सांगतो, तो चुकला की बरं वाटतं. त्यात पाळकसाहेब म्हणाले की गर्व म्हणजे मूर्तिपूजाच. हे जरा अतीच नाही का? माझ्या घरात एक मूर्ती नाही! – एक वाचक, नगर

उत्तर : सलाम भाऊ. तो चुकला की बरं वाटतं हे लिहायला हिंमत लागते, आम्ही बाकीचे मनातच ठेवतो.

पाळकसाहेबांनी हे पदरचं सांगितलेलं नाही. बायबलमधलं १ शमुवेल १५ काढा. इस्राएलचा राजा शौल याला शमुवेल संदेष्ट्यामार्फत देवाची आज्ञा होती की शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचं काहीच ठेवायचं नाही (ती आज्ञा वाचताना मलाही जड जातं, पण तो वेगळा विषय), पण शौलाने त्यांच्या अगाग राजाला जिवंत ठेवलं, चांगली चांगली मेंढरं राखली आणि कर्मेलला जाऊन स्वतःचं स्मारक उभारलं. हे कर्मेल यहूदातलं गाव, एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीतला डोंगर नव्हे. वर शमुवेलाला म्हणतो कसा, मी परमेश्वराची आज्ञा पाळली! शमुवेल विचारतो, मग हे मेंढरांचं बें बें कसलं ऐकू येतंय? तर म्हणे यज्ञासाठी आणलीत. म्हणजे बघा, कारण उपासनेचंच दिलं.

आणि २३व्या वचनात शमुवेल हट्टाला मूर्तिपूजेच्या रांगेत बसवतो. तिथे मूळ हिब्रूत ‘तराफीम’ शब्द आहे, म्हणजे घरातले देव. गंमत म्हणजे पुढे १९व्या अध्यायात शौलाचीच मुलगी मीखल आपल्या नवऱ्याला, दाविदाला, शौलापासून वाचवायला असाच एक तराफीम पलंगावर झोपवते.

मला मात्र दुसरीच गोष्ट जास्त टोचते. या अध्यायात शौल शमुवेलाशी बोलताना तीनदा ‘तुझा देव परमेश्वर’ म्हणतो, ‘माझा’ एकदाही नाही. पाप केलं हे कबूल करतो आणि त्याच दमात म्हणतो, वडीलजनांसमोर माझा मान राख, म्हणजे मी तुझ्या देवाची उपासना करीन. आधी मान, मग उपासना, इथेच मूर्ती बसली, दगड लागलाच नाही.

यहूदाच्या उज्जीया राजाचंही तेच. २ इतिहास २६. ५२ वर्षं राज्य केलं, बलाढ्य झाला आणि धूप जाळायला थेट मंदिरात घुसला. मंदिर परमेश्वराचं, धूपही त्यालाच, पण ते काम याजकांचं. अजऱ्या आणखी ८० याजक घेऊन आडवा आला, हा भडकला, आणि कपाळावर कोड उठलं.

आता तुमचं. वाईट वाटणं म्हणजे मूर्तिपूजा असं मी म्हणणार नाही, बारा वर्षं वाजवल्यावर कोणालाही लागेल, आणि कमिटीने आधी बोलायला हवं होतं, ते तुम्ही त्यांना सरळ सांगा, चहा पिताना सांगा, प्रार्थनेतून टोमणा मारून नको. पण मान परत मिळेपर्यंत मन लागणार नाही असं असेल तर शौलाचं ते मान मागणारं वचन, १ शमुवेल १५:३०, परत एकदा वाचा.

आणि त्या पोराला विचारा ना, कुठली पट्टी धरतोस. कीबोर्डबरोबर पेटी छान लागते.