कॅनडाच्या पीआरसाठी (तिथं कायम राहण्याच्या परवान्यासाठी) एजंट धरावा की अर्ज स्वतः करावा?

विचारणारे सोलापूरचेच आहेत. वय ३८, मेकॅनिकलचा डिप्लोमा, कारखान्यात बारा वर्षं. एजंट अडीच लाख मागतोय, द्यावेत की स्वतः फाइल टाकावी, हा त्यांचा प्रश्न. आणि अगदी तळाला एक ओळ: ‘मिसेस बी.एस्सी. नर्सिंग, वय ३१, खासगी हॉस्पिटलमध्ये सात वर्षं स्टाफ नर्स आहे, तिचे काही एक्स्ट्रा पॉइंट मिळतील का?’

एक्स्ट्रा? साहेब, तुमच्या घरातली फाइलच त्यांची आहे. एक्स्ट्रा तुम्ही आहात.

राग मानू नका, हिशेब मांडते. नवरा-बायको दोघं जाणार असतील तर एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे पीआरच्या गुणांवर चालणाऱ्या ऑनलाइन योजनेत, मुख्य अर्जदाराला ३८ व्या वर्षी वयाचे ५५ गुण मिळतात, ३१ व्या वर्षी ९०. तुमचा डिप्लोमा कॅनडासाठीच्या मूल्यांकनात पूर्ण तीन वर्षांचा धरला (धरतीलच असं नाही), इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत सगळीकडे सहा बँड पडले आणि बायकोच्या वाट्याचे गुण झाडून सगळे मिळाले, तरी तुमच्या नावावर बेरीज ३०० च्या आतच राहते. हीच माणसं, हेच कागद, फक्त नावं उलटी करा. बाईंनी इंग्रजीत सीएलबी ९ (सीएलबी म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी) काढला की बेरीज ४१० च्या वर जाते. शिवाय २०२३ पासून आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी अर्जाचं निमंत्रण देणाऱ्या वेगळ्या फेऱ्या निघतात आणि रजिस्टर्ड नर्स, कॅनडाच्या व्यवसाय-यादीतला कोड ३१३०१, त्यांत बसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण फेऱ्यांचा कटऑफ ५३० च्या वर होता, त्याच महिन्यात आरोग्याच्या फेरीचा ४२२. आणि तुमचा एजंट फॉर्म तुमच्या नावाचा भरतोय.

आमच्याकडेही तेच झालं होतं. २०१८ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी एम.फार्म., चिंचोळी एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, वय २९. नवरा बी.ई. मेकॅनिकल, अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मेंटेनन्स बघायचा, वय ३४. कॅनडाचं खूळ त्याचंच. सात रस्त्याजवळ एक एजंट बसायचा, त्याच्याकडे दोघं गेलो. त्यानं चहा मागवला, फॉर्म काढला, ‘सरांचं पूर्ण नाव सांगा’ म्हणाला आणि वरच्या रकान्यात ते लिहून मोकळा झाला. माझी पाळी दुसऱ्या पानावर आली, तीही ‘मॅडम घरीच असतात का?’ अशी. सरांचे गुण कमी पडतायत म्हटल्यावर म्हणतो, अनुभवाचं पत्र जरा वजनदार करून देऊ, त्याचे पैसे वेगळे.

घरी येऊन नवऱ्यानं टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर स्केचपेननं दोन उभ्या बेरजा मांडल्या. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव, जोडीदार. आयईएलटीएसचे निकाल हातात होतेच. त्याच्या नावाखाली ३१९ आले, माझ्या नावाखाली ४६२. तेव्हा कटऑफ ४५० च्या आतबाहेर असायचा. पुठ्ठ्याकडं बघून तो म्हणाला, ‘तू टाक.’ त्याच्यापुरता विषय संपला.

मोठ्या भाऊजींपुरता नाही संपला. आमच्याकडे साधा टीव्ही घ्यायचा तरी त्यांना विचारायची पद्धत. रविवारी जेवायला आले होते. कडक भाकरी मोडत नवऱ्याला म्हणाले, ‘बायकोच्या फाइलला नवरा जोडतात होय रे? उद्या तिकडं गेल्यावर हिनं तुझं नाव काढलं तर कुठं जाशील?’ मी समोर शेंगाचटणी वाढत होते. मला विचारलं कुणी नाही. पुठ्ठा पुढं केला तर म्हणे, आकड्यांचं काय, आकडे कसेही फिरवता येतात. शेवटी ठरवलं त्यांनीच: गड्ड्याची (जानेवारीतली सिद्धेश्वराची) यात्रा होऊ दे, मग बसून बघू. माझा तिसावा वाढदिवस फेब्रुवारीत. त्या दिवशी उठल्याबरोबर वयाचे ५ गुण जातात, आणि कॅनडा सरकार काही गड्ड्यासाठी थांबत नाही.

सोडवलं ते सासूबाईंनी. सासरे मिलमध्ये होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, देणी अडकली, तेव्हा या बाईनं विड्या वळून दोन्ही पोरांना शिकवलं. भाकरी थापता थापता सगळं ऐकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘मिल बंद पडली तवा विडीचं कार्ड कुणाच्या नावावर हुतं रे? तवा तुझ्या बापाचं नाक कापलं न्हाई. तुझी डिग्री त्याच कार्डावर झालीया.’ भाऊजी हात धुवायला उठले. सासरे खाली मान घालून जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी मी प्रोफाइल टाकलं.

भाऊजींच्या शंकेचं उत्तर इथंच देऊन टाकते, कारण अजूनही लग्नाकार्यात ‘धाकट्याला बायकोनं नेलं’ असं ते सांगत असतात. जोडीदाराला मिळते ती तीच पीआर. कमी दर्जाची, बायकोच्या मर्जीवर चालणारी अशी वेगळी पीआर नसते. उतरताना मुख्य अर्जदाराच्या आधी जाता येत नाही, बरोबर किंवा मागून जायचं, एवढंच. एकदा उतरलात की ज्याचं त्याचं स्टेटस वेगळं: पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहायचं ते प्रत्येकानं, नागरिकत्वासाठी १,०९५ दिवस भरायचे तेही प्रत्येकानं आपापले. फाइल कुणाच्या नावाची होती हे इथं कॅनडात, आम्ही राहतो त्या रेजायना शहरात, नोकरी देताना कुणी विचारत नाही. माझा नवरा मेंटेनन्सलाच आहे आणि पगार माझ्यापेक्षा जास्त घेतो. भाऊजी वाचत असतील तर बरंच.

आता कामाचं. पैसे आणि जीव खर्च करायचा तर दोन ठिकाणी करा.

पहिलं, लिसनिंग. आयईएलटीएस जनरलमध्ये सीएलबी ९ साठी रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला ७ पुरतात, पण लिसनिंगला ८ लागतात. बाकी सगळं जमलं आणि लिसनिंग साडेसातवर अडकलं, तर माझ्या फाइलीत ५७ गुण गेले असते. सात त्या विषयाचे, आणि पदवी-इंग्रजी, अनुभव-इंग्रजी अशा जोड्यांचे वेगळे गुण असतात, त्या दोन्हींत ५० चे २५ होतात म्हणून आणखी पन्नास. पदव्युत्तर पदवी नसेल तर थोडे कमी जातात, पण जातात. अडीच लाखांतले वीस हजार बाईंच्या चांगल्या क्लासला घाला.

दुसरं, अनुभवाचं पत्र. आमच्या एचआरनं मला दिलं ते दोन ओळींचं: अमुक तारखेपासून कार्यरत आहेत, वर्तणूक चांगली आहे. वर्तणुकीशी कॅनडाला घेणं नाही. लेटरहेडवर हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार, रोजची कामं, सही करणाऱ्याचं नाव आणि संपर्क, एवढं पाहिजे. एचआर म्हणाले, असला फॉरमॅट आमच्यात नाही. मग मीच मसुदा लिहिला: कच्च्या मालाचे नमुने घेणं, एचपीएलसी यंत्रावर तपासणं, स्टॅबिलिटीचे नमुने ठरलेल्या तारखेला काढणं, निकाल बॅच रेकॉर्डला चढवणं. जे करत होते तेच, माझ्या शब्दांत. कॅनडाच्या व्यवसाय-यादीत कोडखाली दिलेली कामांची वाक्यं जशीच्या तशी उतरवली की अधिकाऱ्याला लगेच वास येतो. मसुदा घेऊन आमच्या सेक्शन हेडच्या टेबलाजवळ उभी राहिले. त्यांनी पेन काढून ‘स्टॅबिलिटी’पुढं ‘स्वतंत्रपणे’ असा शब्द घातला, सही केली आणि शिक्क्यासाठी एचआरकडं स्वतः पाठवलं.

नर्सच्या बाबतीत हे जास्त अवघड. पत्र मागितलं की हॉस्पिटलवाल्यांना कळतं बाई जाणार. शिवाय लहान हॉस्पिटलांत पगार थोडा खात्यावर, थोडा हातात असतो. तसं असेल तर पत्रातला आकडा आणि बँकेचं स्टेटमेंट जुळत नाही. आजपासून पूर्ण पगार खात्यावर घ्यायला लावा. आणि त्यांची डिग्री माहेरच्या नावाची असणार. आपल्याकडं लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, तेव्हा महापालिकेचा विवाह दाखला आणि नावाचं प्रतिज्ञापत्र विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) मागवायच्या आधी तयार ठेवा.

एजंटचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे: ज्याला फॉर्म वाचता येतो त्यानं एजंट करू नये. सगळं ऑनलाइन आहे. निमंत्रण आल्यावर ६० दिवस मिळतात, कागद आधी गोळा असतील तर पुरतात. सरकारी फी २०२४ च्या एप्रिलअखेर वाढली, तेव्हाच्या दरानं प्रौढामागे १,५२५ कॅनेडियन डॉलर, मुलामागे २६० होती. ती एजंट घेतला तरी तुम्हालाच भरायचीय. त्याचे अडीच लाख त्यावर. करायचाच असेल तर त्याला कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा परवाना नंबर विचारा आणि कॉलेजच्या वेबसाइटवर शोधा. परवानाधारक असेल तर फाइलीत प्रतिनिधी म्हणून आयएमएम ५४७६ हा फॉर्म भरून आपलं नाव लावतो. ‘नाव तुमचंच राहू द्या, मी मागून बघतो’ म्हणाला की उठून या. आणि वजनदार पत्राचं बोलला तर चहाही पिऊ नका. खोटी माहिती पकडली गेली की पाच वर्षं बंदी येते, ती तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही.

खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात, ते बँकेत हवेत. प्लॉट, शेती, बार्शी रोडची जागा यातलं काही चालत नाही. उसने आणून भरलेलेही नाही.

आता थोडं थंड पाणी. आमच्या वेळचे ४६२ आज सर्वसाधारण फेरीत चालत नाहीत. तुमच्या मिसेसचे ४१०-४१५ सुद्धा आरोग्याच्या फेरीच्या त्या ४२२ ला थोडे कमीच पडतात, आणि तो कटऑफ नंतर बराच वर गेलाय. प्रांताचं नामांकन मिळालं तर एकदम ६०० गुण येतात, म्हणून नर्सेस घेणाऱ्या प्रांतांवर लक्ष ठेवा. पीआर मिळाली म्हणजे नर्स म्हणून काम करता येतं असंही नाही. तिथल्या प्रांताची नोंदणी आणि एनसीएलईएक्स-आरएन परीक्षा वेगळी. तिची तयारी सोलापुरातूनच सुरू करा, नाहीतर वर्षभर केअरगिव्हरचं काम करावं लागेल.

आणि तुम्ही. तुमच्या वाट्याला आयईएलटीएसचे सहा-सहा बँड आहेत, त्याचे त्यांच्या फाइलीला १२ गुण मिळतात. तेवढे काढा. त्यांची नाइट ड्यूटी असते तेव्हा स्वयंपाक कोण करतं मला ठाऊक नाही, पण परीक्षा होईपर्यंत तुम्ही करा. कुकरच्या शिट्ट्यांत लिसनिंगचा सराव होत नाही.