गाडीत सगळं एकत्रच जातं, मग वेगळं कशाला करायचं?

प्रश्न : ताई, आमचा भाग नवीन आहे, चार वर्षांत नुसत्या बिल्डिंगा उभ्या राहिल्यात. मी ओला-सुका वेगळा ठेवते पण घंटागाडीत दोन्ही डबे एकाच ढिगावर ओततात. सासूबाई म्हणतात, नसते उद्योग कशाला. त्यात बाल्कनीत कंपोस्टचा ड्रम ठेवला तर त्याला वास सुटलाय, पांढऱ्या जाड अळ्या झाल्यात, शेजारीण रोज बोलून दाखवते. बंद करून टाकू का?

उत्तर : अजिबात बंद करू नका. गाडीत एकत्र होतं हे खरंय आणि त्याचा राग येणारच, केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतच ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा असं स्पष्ट लिहिलं होतं, तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी तक्रार कराच. पण गंमत अशी की तुमचा ओला कचरा घराबाहेर गेलाच नाही तर गाडीवाल्याने काहीही केलं तरी फार बिघडत नाही. सगळी घाण ओल्यामुळेच होते हो. तो ढिगात दबून सडतो, गॅस होतो, आगी लागतात, काळं पाणी जमिनीत मुरतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं शेजारच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांत जात होता, तिथल्या लोकांच्या विहिरी नासल्या आणि शेवटी त्यांनी गाड्या अडवल्या. शहर आपलं आणि वास त्यांना, हे कुठल्या हिशोबात बसतं?

आता ड्रमचं. वास येतोय म्हणजे आत पाणी जास्त आणि हवा कमी. आजपासून आमटी, रस्सा, तेलकट भाजी, मासळीचे काटे टाकणं बंद. कलिंगडाची सालं, भाज्यांची देठं बारीक चिरून टाका आणि प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरा (पाला फुकट मिळतो, सोसायटीचा झाडूवाला तो जाळत असेल तर आधी त्याला थांबवा!). दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करायचं. मूठभर काढून दाबून बघा, बोटांतून पाणी ठिबकलं तर अजून पाला घाला. चमचाभर आंबट ताक शिंपडलं तरी चालतं. त्या जाड अळ्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या असतील, चावत नाहीत, उलट कचरा भराभर खातात, ड्रम कोरडा झाला की कमी होतील. शेजारणीला तेवढं झाकण घट्ट लावून दाखवा.

सुक्याचं फार डोकं लावू नका. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या की भंगारवाला घेतो, चिप्सची चकचकीत पाकिटं मात्र तो सहसा घेत नाही, त्यामुळे ती विकतच कमी आणायची. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, पुण्यात कचरावेचक बायकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने ही खूण चालवली ती याच्यासाठीच, की उघड्या हातांनी ते पुडकं सोडायची वेळ कुणावर येऊ नये. फुटलेली काचही तशीच, वर ‘काच’ लिहून.

आणि हो, पुणे महापालिका गांडूळखत करणाऱ्यांना मिळकतकरात ५ टक्के सूट देते, तुमच्याकडे तसं काही आहे का हे या वेळचं बिल भरायला जाल तेव्हा विचाराच. सासूबाईंना ते लगेच पटेल.