लॉकडाऊनमध्ये चर्चला कुलूप असताना तुमची मंडळी एकत्र कशी राहिली?

तुम्ही विचारलंय की त्या काळात रोजचं जगणं आणि मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, आम्ही कशी सांभाळली. मी इंदूरची, माहेर अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, पण मराठी घरं दहा-बारा आहेत. त्या घरांचंच सांगते.

२२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा दिवस, रविवारच होता. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. वाटलं, एवढा एक रविवार चुकतोय. तीन दिवसांनी देशभर लॉकडाऊन लागला. इंदूरमध्ये तर रुग्ण इतक्या झपाट्यानं वाढले की ३० मार्चपासून तीन दिवस किराणा-भाजीसुद्धा बंद. पुढे नगर निगमच्या कचरागाडीवर यादी द्यायची आणि सामान घरी यायचं, अशी सोय झाली. घराची घडी पंधरा दिवसांत बसली. मंडळीची बसायला वेळ लागला.

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, लगेच मोबाइलवरून उपासना सुरू केली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होते त्यांचं भागलं. पण आमच्यातल्या सात-आठ वयस्कर माणसांकडे बटणांचे साधे फोन, आणि त्यांतल्या तिघी एकट्या राहणाऱ्या. चार माणसांत बसायचा त्यांचा दिवस म्हणजे रविवार, तोच गेला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आमची मंडळी व्हिडिओवर नाही, त्या साध्या फोनवर टिकली.

कॉन्फरन्स कॉलवर एका वेळी पाच-सहा जणच जोडले जातात, तेव्हा तेवढ्यांचे गट केले. रोज रात्री आठ वाजता एक स्तोत्र, एक गीत, प्रार्थना, आणि मग ‘गोळ्या संपल्या का, दूध आलं का, गुडघा कसा आहे’. हा शेवटचा भाग सगळ्यात लांबायचा. आम्ही कधी तो आवरता घेतला नाही. मला तर तीही उपासनाच वाटते.

गाण्याची मात्र पंचाईत व्हायची. फोनवर आवाज मागे-पुढे पोचतो. एकीची ओळ संपून जाते तेव्हा दुसरीची कुठे सुरू होते. शेवटी ठरलं की एकानं गायचं, बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवून घरात गायचं. आमच्या गटातल्या ऐंशीच्या मावशींना ते बटण काही सापडायचं नाही. प्रत्येक ओळ संपली की मागून त्यांचा कापरा आवाज ती ओळ पुन्हा म्हणायचा. चार दिवसांत आम्ही त्यांच्यासाठी थांबून मगच पुढची ओळ घ्यायला लागलो.

५ एप्रिलच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी झावळ्या कुठून आणणार, मुलांनी अंगणातल्या अशोकाच्या डहाळ्या दाराला बांधल्या. १२ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, पुनरुत्थानाची पहाटेची प्रार्थना गच्चीवर, चौघांतच केली. दानाची पाकिटं दर रविवारी तारीख घालून पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकत होतो. त्यातला काही भाग पाळकसाहेबांना विचारून रोजंदारीवरच्या दोन कुटुंबांच्या किराण्याला दिला. प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, मात्र कित्येक महिने नव्हतं. ती उणीव कशानंच भरली नाही, आणि भरली असं मी म्हणणारही नाही.

जुलैमध्ये त्याच मावशी गेल्या, हृदयविकारानं. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी. त्यांची धाकटी बहीण नगरला, येणं अशक्य. मी फोन स्पीकरवर टाकून शवपेटीपाशी धरला. तिकडून बहिणीनं त्यांचं आवडतं गीत सुरू केलं, इकडे आम्ही धरलं. ओळी एकमेकींवर चढत होत्या, कुणीच आवाज बंद केला नाही.

केंद्र सरकारनं ८ जूनपासून प्रार्थनास्थळं उघडायला मुभा दिली होती, पण आम्ही वयस्कर माणसांना बरेच महिने आणलं नाही. आठचा फोन आता फक्त बुधवारी असतो.

तुमच्या मंडळीत कुणी एकटं राहत असेल तर एक काम आत्ताच करा. त्यांच्या फोनमध्ये २ आणि ३ ही बटणं नुसती दाबून धरली की जवळच्या दोघांना फोन लागेल असं करून द्या. आम्हाला हे सुचलं तेव्हा त्यांच्या घरात पाऊल ठेवता येत नव्हतं. दाराबाहेर उभं राहून, ओरडून ओरडून शिकवावं लागलं.