विद्यापीठं संशोधन खुलं करतात ते मनापासून की सक्तीने?

तुम्ही विचारलंय की विद्यापीठं ओपन ॲक्सेसचं, म्हणजे संशोधन कुणालाही फुकट वाचता येईल असं ठेवण्याचं, धोरण मनापासून स्वीकारतात की वरून दट्ट्या आला म्हणून. मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो, पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींशी रोजचा संबंध आहे. मला दिसतं ते असं: सुरुवात बहुतेक दट्ट्याने नाहीतर पैशाच्या ताणाने होते. पुढे ते धोरण चालतं की फायलीत राहतं, हे मात्र संशोधकाचं काही अडतं का यावर ठरतं.

पीएच.डी.चे प्रबंध ऑनलाइन ठेवणारं ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळच बघा. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करायचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २००९ मध्ये आणला. २०१६ च्या नियमांपासून पदवी जाहीर होण्याआधी ती प्रत शोधगंगा चालवणाऱ्या ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राकडे गेली पाहिजे. पदवीच अडणार म्हटल्यावर कोण टाळेल? म्हणून आज नांदेडच्या आणि संभाजीनगरच्या विद्यापीठातले प्रबंध उदगीर-अंबाजोगाईत बसून मोबाइलवर वाचता येतात. एरवी त्यासाठी एसटीने विद्यापीठ गाठायचं, परवानगी काढायची आणि तिथेच बसून टिपणं घ्यायची. आमच्या भागातल्या किती मुलींचं वाचन त्या प्रवासापायी राहून गेलं असेल, याचा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने २००७ मध्ये हेच जास्त धीटपणे केलं. पदोन्नतीच्या वेळी विद्यापीठाच्या खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवलेलेच लेख मोजायचे, असं ठरवलं. लेख आपोआप येऊ लागले.

पैशाचं कारणही मोठं आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयाने २०१२ मध्ये कळवलं की जर्नलांच्या (संशोधनपत्रिकांच्या) वर्गणीवर वर्षाला सुमारे ३७.५ लाख डॉलर जातात आणि हे झेपणारं नाही. हार्वर्डसारख्यांची ही गत, मग आपलं काय सांगू! शिवाय संशोधनाला अनुदान देणाऱ्यांच्या लेख खुले ठेवण्याच्या अटी असतात: आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचं (डीबीटी-डीएसटी) २०१४ चं धोरण, युरोपात अनुदान देणाऱ्या संस्थांचा २०१८ चा ‘प्लॅन एस’. खुला लेख जास्त वाचला जातो, नाव होतं, हेही आहेच.

केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी, म्हणजे सरकारी संस्थांसाठी जर्नलांची एकत्र वर्गणी भरायला, तीन वर्षांना ६,००० कोटी मंजूर केले, त्याचा सरकारी संस्थांना खरंच उपयोग आहे. पण ती वर्गणी आहे, ओपन ॲक्सेस नव्हे. संस्थेबाहेरच्या माणसाला ते दार बंदच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण दिलं. असलं संशोधन ज्याच्या रानासाठी आणि ज्याच्या करातून होतं, त्याच्या शिकलेल्या पोराला ते फुकट वाचता आलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

एक सावधगिरी. खुलं करायचं म्हणजे लेखकाने जर्नलला पैसे भरायचे, असा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि त्यावर बोगस जर्नलांचं दुकान चालतं. बहुतेक प्रकाशक स्वीकृत लेखाची लेखकाकडची प्रत विद्यापीठाच्या भांडारात ठेवू देतात, कधी लगेच तर कधी ठरावीक महिन्यांनी. त्याला लेखकाचा एक रुपया लागत नाही.

तुम्ही प्राध्यापक असाल आणि विद्या परिषदेत हा विषय नेणार असाल, तर मोठा जाहीरनामा लिहू नका. प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या (कॅस) अर्जात प्रत्येक लेखापुढे भांडारातली लिंक देणं सक्तीचं करा, एवढा एकच ठराव मांडा.